येरवडा कोठे संपतो?

गुढीपाडवा जवळ येऊ लागला की वृत्तपत्रांची पाने घरांच्या जाहिरातींनी भरून जातात. आमचे पत्रही त्याला अपवाद नाही. पुण्यातील पगारदार माणूस आयुष्यात बहुधा एकदाच घर घेतो आणि त्या एका सहीने पुढील वीस वर्षांची मिळकत बँकेकडे गहाण टाकतो. अशा माणसाच्या तोंडी पहिला प्रश्न येतो तो घराबद्दलचा नसतो. 'वस्ती कशी आहे?' हा तो प्रश्न होय. प्रश्न रास्त आहे. फरशी बदलता येते, भिंत पाडून दुसरी बांधता येते. परंतु रस्ता, नदी, शेजार आणि नळाचे पाणी ही खरेदीदाराच्या हातची नसतात. आमची तक्रार प्रश्नाविषयी नाहीच. त्याला जे उत्तर मिळते आणि जे तो निमूटपणे स्वीकारतो, त्याविषयी ती आहे. ते उत्तर बहुधा एका नावापलीकडे जात नाही, आणि त्या नावाचे मोल मात्र चौरस फुटाच्या हिशेबाने चुकते करावे लागते.

या बाबतीत येरवड्यासारखा बोलका दाखला साऱ्या पुण्यात दुसरा नसेल. 'तुझी रवानगी येरवड्यालाच व्हायला हवी' असे एखादा पुणेकर म्हणाला, तर तो तुरुंगाविषयी बोलतो आहे की वेड्यांच्या इस्पितळाविषयी, एवढाच काय तो संशय उरतो. १८७१ साली उभे राहिलेले मध्यवर्ती कारागृह आणि शंभर वर्षांहून जुने मनोरुग्णालय, या दोन संस्थांनी एका गावाचे नाव थट्टेच्या भाषेत कायमचे नेऊन बसविले. त्याच गावात डेक्कन कॉलेजचे विस्तीर्ण आवार आहे, जेथे महाविद्यालय १८६८ साली आले आणि जेथे लोकमान्य टिळक शिकले. गोल्फचे मैदान आहे. लेडी ठाकरसींची पर्णकुटी आहे, आणि नगर रस्त्याने थोडे पुढे गेले की आगाखान राजवाडा आहे. परंतु येरवडा म्हटले की यांपैकी काही कोणाच्या मनात येत नाही.

म्हणून जाहिरातदारांनी एक नवा भूगोल तयार केला आहे. या भूगोलात येरवडा नावाचे स्थळ जवळजवळ नाहीच. 'कल्याणीनगरलगत' आहे, 'विमानतळ रस्त्यावर' आहे, 'कोरेगाव पार्कपासून पाच मिनिटांवर' आहे. ही पाच मिनिटे पहाटे चारला मोजलेली असावीत. प्रत्यक्ष दस्त नोंदवावयाची वेळ आली की चित्र पालटते. निबंधकाच्या कार्यालयात जो कागद पुढे येतो त्यावर कल्याणीनगरातील कित्येक सदनिकांच्या बाबतीतही 'मौजे येरवडा, सर्वे नंबर अमुक' असेच लिहिलेले असते, आणि टपालाचा ४११००६ हा क्रमांक बंगलेवाल्याला आणि नागपूर चाळीतल्या बिऱ्हाडाला एकच लागू असतो. जाहिरातीत ज्या गावाचा पत्ता लागत नाही, ते खरेदीखताच्या पहिल्याच परिच्छेदात ठाण मांडून बसलेले आढळते. मग येरवडा संपतो कोठे? तलाठ्याचे दप्तर एक सांगते, टपाल खाते दुसरे सांगते, आणि दलाल तर दर मजल्याला वेगळे सांगतो.

ही विषमता आपोआप उगवलेली नाही. १८५० साली जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून मुळामुठेवर बंधारा झाला, पुढे पंधरा-वीस वर्षांत फिट्झजेराल्ड पूल बांधला गेला, आणि ज्या गोष्टींना जागा भरपूर हवी पण ज्या छावणीच्या व शहराच्या दारात नकोत, त्या इंग्रजांनी नदीपलीकडे नेऊन ठेवल्या. तुरुंग आला म्हणजे शिपाई आले, इस्पितळ आले म्हणजे परिचारक आले, बांधकामे आली म्हणजे दगड फोडणारे आले. वडारवस्ती हे नावच त्याची साक्ष देते. त्यानंतर पोट भरण्यासाठी शहरात आलेल्या माणसांनी मिळेल त्या तुकड्यावर पत्रा टाकला. विसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत नदीकाठची मोकळी जमीन कल्याणीनगर झाली, आणि नव्या शतकात संगणकाच्या कचेऱ्या आल्या. आज एका बाजूला ज्या घरात स्वयंपाक होतो, तो करणारी बाई दुसऱ्या बाजूच्या गल्लीतून दहा मिनिटांत चालत येते. चालण्याचे अंतर दहा मिनिटांचे. दरातील अंतर मात्र डोळ्यांत भरण्याइतके. या अंतरात खरा फरक किती आणि नावाचा भाव किती, हे ज्याला कळले त्यानेच घर पारखले असे आम्ही म्हणू.

आता 'वस्ती कशी आहे' या प्रश्नाच्या पोटात दडलेल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. सुशिक्षित माणूस तो उघड विचारीत नाही; 'लोक आपल्यासारखे आहेत ना?' एवढेच म्हणतो. 'आपल्यासारखे' याचा अर्थ दलालाला नेमका समजतो. आडनाव, धर्म, ताटात काय पडते, एकटी राहणारी बाई आहे काय, भाडेकरू कोणत्या प्रांतातले, या साऱ्याचा हिशेब त्या एका शब्दात झालेला असतो. कायदाही येथे फारसा आड येत नाही. अहमदाबादच्या एका पारशी गृहसंस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सभासदत्व एका समाजापुरते राखणारा उपविधी ग्राह्य धरला. परंतु येरवड्यात उभे राहून हा प्रश्न विचारणाऱ्याला आपण कोठे उभे आहोत याचे तरी भान असावे. २४ सप्टेंबर १९३२ रोजी याच कारागृहात पुणे करार झाला. गांधीजींचे उपोषण चालू होते. आंब्याच्या झाडाखाली वाटाघाटी होत होत्या. आणि ज्या समाजाला गावकुसाबाहेर ठेवण्यात आले होते त्याच्या राजकीय हक्कांसाठी डॉ. आंबेडकर एकाकी लढत होते. त्या कराराचे मूल्यमापन आजही एकमताने होत नाही, डॉ. आंबेडकरांनी स्वतः पुढे त्यावर कठोर टीका केली, हे सर्व आम्हांस ठाऊक आहे. दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात त्याच येरवड्याच्या टेकडीवर पर्णकुटीत एकवीस दिवसांचे दुसरे उपोषण पार पडले, तेही अस्पृश्यतेच्या प्रश्नावरच. त्या भिंतींपासून हाकेच्या अंतरावर नव्वद वर्षांनंतर एक अभियंता आणि त्याची पदवीधर पत्नी नमुना सदनिका पाहतात, खिडकीतून पलीकडचे पत्रे दिसतात, आणि 'तिकडची भिंत उंच करणार आहात ना?' असे विचारतात. बांधणारा तत्काळ 'हो' म्हणतो. गावकुसाला आता संरक्षक भिंत म्हणतात, आणि तिचा खर्च प्रत्येक सदनिकेवर विभागून लावला जातो.

येथे आमच्यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो पोकळ नाही. रात्री अकराला कामावरून परतणाऱ्या मुलीच्या बापाला करारांचा इतिहास ऐकवून काय उपयोग? कोयते घेऊन उभ्या गाड्यांच्या काचा फोडणाऱ्या टोळक्यांच्या बातम्या येरवड्यातून येतात, आणि आम्हीच त्या छापतो. हे भय खरे आहे. त्याची टिंगल करणारा स्वतः कोठे राहतो हे आधी पाहावे. आमचे म्हणणे एवढेच की भय नावावरून मोजता येत नाही. १९ मे २०२४ च्या रात्री भरधाव मोटारीने दोन तरुण संगणक अभियंत्यांचा जीव घेतला तो झोपडपट्टीच्या बोळात नव्हे, कल्याणीनगरच्या रुंद, महागड्या रस्त्यावर. रात्री उशिरापर्यंत चालणारी मद्यगृहे, त्यांच्या दारातील मोटारी आणि त्यांचे आवाज यांविषयी त्या भागातील रहिवासी आधीपासून कुरकुरत होते. दलालाच्या भाषेत मात्र ही 'उत्तम वस्ती' होती आणि आहे. ज्याला सुरक्षितता पाहावयाची त्याने दुपारी नमुना सदनिका पाहून परत न येता रात्री दहा वाजता त्या गल्लीतून पायी चालून पाहावे. दिवे किती लागतात, औषधाचे दुकान उघडे असते काय, बसथांब्यावर बायका निर्धास्तपणे उभ्या असतात काय, रिक्षावाला तेथे यावयास कुरकुरतो काय? येरवड्यात अशाही गल्ल्या आहेत की जेथे अर्ध्या रात्रीपर्यंत ओट्यांवर माणसे बसलेली असतात आणि अनोळखी माणसाला चार जण 'कोण पाहिजे?' म्हणून विचारतात. आणि उंच कुंपणांमधला असाही निर्मनुष्य रस्ता आहे की जेथे ओरडले तर ऐकावयास केवळ पहारेकरी, तोही कानात यंत्र घालून बसलेला.

ज्या फरकांसाठी खरोखर पैसे मोजावेत किंवा मोजू नयेत, ते फरक नावात दिसत नाहीत. पहिला पाण्याचा. शहराच्या पूर्व भागाची तहान भागविण्यासाठी भामा आसखेडची योजना वर्षानुवर्षे रखडत अखेर १ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाली. तिने पुष्कळ फरक पडला. परंतु जलवाहिनी येणे आणि तिसऱ्या मजल्याच्या टाकीत पाणी चढणे यांत टेकडी, दाब, जुने नळ आणि वाटेतील जोडण्या असा मोठा प्रवास आहे. त्याची खरी नोंद एकाच ठिकाणी सापडते, ती म्हणजे गृहसंस्थेच्या ताळेबंदात टँकरवर पडलेला खर्च. संगमरवरी प्रवेशद्वार पाहून भुलणारे लोक गेल्या तीन वर्षांचे ताळेबंद पाहावयास मागत नाहीत, याचे आम्हांस आश्चर्य वाटते. मागितल्यावर जो सचिव चिडतो, त्याने उत्तर दिल्यासारखेच आहे.

दुसरा फरक नदीचा, आणि तो अधिक गंभीर. मुळा आणि मुठा संगमावर एकत्र येऊन येरवड्याला व कल्याणीनगरला वळसा घालीत पूर्वेकडे जातात. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले त्याची आठवण सांगणारी माणसे आता थोडी उरली. परंतु २५ जुलै २०२४ तर कालपरवाची गोष्ट आहे. त्या पहाटे सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीच्या इमारतींत पाणी शिरले तेव्हा तेथील रहिवासी झोपडीत राहत नव्हते. कर्जाचे हप्ते भरून घेतलेल्या पक्क्या सदनिकांत राहत होते. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा नकाशावर आखलेल्या असतात. धरणातून सोडलेले पाणी, बुजवलेले ओढे आणि नदीपात्रात टाकलेला राडारोडा यांना त्या रेषा वाचता येत नाहीत. येरवड्यात तर या रेषेजवळ एक विलक्षण दृश्य दिसते. त्याच काठावर पत्र्याच्या घरात राहणाऱ्याला अतिक्रमण करणारा म्हणतात, आणि दहा मजले उंचावरून तेच पात्र पाहणाऱ्याकडून 'नदीदर्शना'चा जादा दर घेतात. पाणी चढले तर पहिल्याचे घर जाते, दुसऱ्याच्या तळघरातील मोटार, विजेचा पुरवठा आणि उद्वाहक जातात. हानी सारखी नाही हे खरेच. परंतु काठ एकच आहे.

तिसरा फरक कागदाचा. येरवड्याच्या परिसरात चार पावलांवर जमिनीची जात बदलते. एक तुकडा रीतसर बिगरशेती, दुसरा गुंठेवारीचा, तिसरा १९७१ च्या झोपडपट्टी कायद्याखाली घोषित, चौथा सरकारी, पाचवा कारागृहाच्या भिंतीलगतच्या निर्बंधात अडकलेला, तर आणखी पुढे लोहगावच्या हवाई दलाच्या विमानतळामुळे उंचीवर मर्यादा असलेला. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ साली झाला, २०२१ साली त्याची मुदत वाढविली गेली. परंतु कायदा झाला म्हणजे आपल्या दलालाने दाखविलेले घर नियमित झाले असे नव्हे. जुन्या, प्रतिष्ठित वाटणाऱ्या इमारतींतही जमीन अद्याप मूळ मालकाच्याच नावे असल्याचे आढळते. १९६३ च्या सदनिका कायद्याने ती गृहसंस्थेच्या नावे करून देण्याचे बंधन बांधणाऱ्यावर घातले होते. ते इतक्या ठिकाणी पाळले गेले नाही की शासनाला 'मानीव अभिहस्तांतरणा'ची वेगळी वाट काढून द्यावी लागली. २०१७ पासून महारेराकडे नव्या प्रकल्पांची नोंद असते, ती घरबसल्या पाहता येते. जुन्या घरासाठी मात्र तीस वर्षांचा शोध, सूची क्रमांक दोन आणि मिळकत पत्रिका यांना पर्याय नाही, आणि वकील आपला असावा, बांधणाऱ्याने सुचविलेला नसावा.

रस्त्यांविषयी फार लिहावयास नको. नगर रस्त्यावर २०१६ साली बसगाड्यांसाठी स्वतंत्र मार्गिका झाली. तिच्या भरवशावर जाहिराती झाल्या, आणि काही वर्षांत ती बहुतांशी उखडली गेली. मेट्रोचे येरवडा स्थानक ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाले. जे डोळ्यांना दिसते त्याचे पैसे जरूर द्यावेत. ठिपक्यांच्या रेषेचे पैसे देऊ नयेत, मग ती रेषा कितीही मोठ्या मंत्र्याने कोनशिलेवरून आखलेली असो.

नावावर पैसे घालणारा माणूस मूर्ख असतो असे मात्र आम्ही म्हणणार नाही. नावालाही बाजार आहे. पाच वर्षांनी विकून निघून जाणाऱ्याने 'कल्याणीनगर' या सहा अक्षरांसाठी जास्त मोजले तर विकताना ते त्याला बहुधा परत मिळेल. परंतु जो मुलांची शाळा, आईवडिलांचे औषधपाणी आणि स्वतःची निवृत्ती डोळ्यांपुढे ठेवून राहावयास जातो, तो त्या अक्षरांवर वीस वर्षे व्याज भरतो आणि बदल्यात त्याला पाहुण्यांना पत्ता सांगण्याचे सुख मिळते. हा ज्याचा त्याचा हिशेब आहे. तो जाणूनबुजून केलेला असावा, एवढेच.

शेजाराची पारख कशी असते हे पाहावयाचे असेल तर याच येरवड्यातील झोपडवस्त्यांकडे जावे. २००९ च्या सुमारास नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेखाली नेताजीनगर, मदर तेरेसानगर आदी वस्त्यांत कच्ची घरे पाडून जागच्या जागी पक्की घरे बांधण्याचे काम 'स्पार्क' आणि 'महिला मिलन' या संस्थांनी महापालिकेच्या साहाय्याने हाती घेतले. घर २७० चौरस फुटांचे. खर्चाचा दहावा हिस्सा कुटुंबाचा. ज्यांची घरे आधीच पक्की होती ती तशीच राहिली, गल्ल्यांची वळणेही बहुतांशी तीच राहिली. एखाद्या दूरच्या उंच इमारतीत सर्वांना नेऊन टाकणे यंत्रणेला कदाचित सोपे गेले असते. लोकांना जे हवे होते ते कोणाच्या शेजारी कोण आहे, कामाची जागा किती पावलांवर आहे, आजारपणात कोण धावते, याच हिशेबातून आले होते. नमुना सदनिकेच्या कोचावर बसणाऱ्या आमच्या पांढरपेशा बांधवाने शेजाऱ्याचे तोंडही पाहिलेले नसते. त्याला फक्त 'लोक चांगले आहेत' असे सांगितलेले असते, आणि सांगणारा तेथे राहत नसतो.

एवढे सर्व सांगितल्यावर शासनाला आणि महापालिकेला मोकळे सोडणे योग्य होणार नाही. सामान्य माणूस नावावर विसंबतो, कारण नावापलीकडची माहिती त्याला सहज मिळत नाही. वास्तविक सरकारला वस्त्यांमधील फरक उत्तम कळतो. मुद्रांक शुल्काचे वार्षिक मूल्यदर तक्ते पाहावेत. त्यांत शहराचे विभाग आहेत, उपविभाग आहेत, सर्वे नंबर आहेत. येरवड्याच्या कोणत्या भागात कोणता दर, हे रुपयांपर्यंत ठरविलेले आहे. कर वसूल करावयाचा तेव्हा शासनाची दृष्टी इतकी सूक्ष्म होते. मग त्याच सर्वे नंबरापुढे आठवड्यातून किती तास पाणी येते, सांडपाण्याची वाहिनी आहे की नाही, निळी व लाल पूररेषा येथून किती अंतरावर आहे, गेल्या दहा वर्षांत पाणी कोठवर चढले होते, हे चार रकाने का असू नयेत? यांतील बहुतेक माहिती महापालिकेच्या आणि पाटबंधारे खात्याच्या कपाटांत आजही आहे. विकास आराखड्याचे नकाशे प्रसिद्ध होतात, परंतु ते वाचावयास नगररचनाकार लागतो, आणि ज्याला घर घ्यावयाचे तो बहुधा बँकेतला कारकून किंवा शाळेतली शिक्षिका असते.

आमची मागणी एवढीच आहे. मूल्यदर तक्त्याच्या प्रत्येक ओळीपुढे हे चार रकाने मराठीत, आकड्यांत भरून प्रसिद्ध व्हावेत आणि त्या ओळीची एक प्रत प्रत्येक खरेदीखताला जोडणे सक्तीचे व्हावे. सही करण्यापूर्वी ती घेणाऱ्याला वाचून दाखवावी. आरंभ कोठून करावयाचा असे कोणी विचारील, तर येरवड्यापासून करावा: एकाच मौज्यात शहरातील सर्व तऱ्हेच्या वस्त्या आहेत, सर्वे नंबर तयार आहेत, आणि पावसाळ्याला अद्याप अवधी आहे.